राहीला बघायला आलेले मास्तर

...पत्रिका नको म्हणाले, म्हणून तर मी खूश झालो हो! तुम्हाला सांगतो, आमच्या राहीला मंगळ. तीन स्थळं त्या मंगळाने परत धाडली, पोर एकोणिसाची झाली, हिच्या, म्हणजे राहीच्या आईच्या, घशाखाली घास उतरेना. त्यात हे चौथं. मुलगा मुंबईला गोदीत कारकून, आणि त्याचे काका हरिश्चंद्र मास्तर, मानसशास्त्र शिकलेले, आगबोटीने मुद्दाम पोरीला बघायला आले. म्हणाले, "ग्रह थोतांड. मी व्यक्तिमत्त्व बघतो." बघा बापडे! आमच्या आळीत स्वभाव शेजारणीला विचारतात, पण आमचं कोण ऐकतो?

तर मास्तरांनी कागद काढले. कागदावर काय, तर शाईचे डाग, मधोमध घडी घालून दाबलेले. राहीला म्हणतात, "यात काय दिसतं, बाळ?" ती म्हणाली, "शाई सांडलीय." मास्तरांनी वहीत टिपलं, "कल्पना बेताची." हिला विचारलं, तर ही म्हणाली, "मधून चिरलेली सुरमई." टिपलं, "मनात दडलेली हिंसा." अहो, रोज उघड्यावर मासळी चिरते ती, दडवेल कुठे? शेजारणीला विचारा की.

मग कागद माझ्यापुढे. मला वाटलं, लग्नाचा प्रश्न, म्हणजे हा कौलच. गुरव नाही का देवाच्या अंगाला फुलांचे कळे चिकटवत, उजवा पडला की होकार? मी हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, पोरीचं भलं कर," आणि कागदाकडे बघत बसलो... मास्तर विचारतात, "काय दिसतं?"

म्हटलं, "थांबा हो, अजून उजवा पडला नाही."

मास्तरांनी पेन्सिलच खाली ठेवली. मग सांगत सुटले, माणसाला म्हणे वर एक मन, तळाशी दुसरं, आणि लहानपणी बाप ओरडला की स्वभाव तिथेच ठरतो. अहो, आम्ही पाच भाऊ, बाप सगळ्यांवर सारखाच ओरडला, मग एक भजनात आणि एक पत्त्यांत कसा? शेजारणीला विचारा, ती सांगेल!

"कळवतो," म्हणून मास्तर उठले. हा "कळवतो" आम्ही तीनदा ऐकलेला. राहीने मान खाली घातली. आणि मास्तर गेले कुठे? सोनूबाईच्या पडवीत, शेजारी! तहान लागली म्हणे. अर्धा तास कसली हो तहान? परत आले ते हसतच. "ठरलं. तयारीला लागा."

मी धावलो सोनूबाईकडे. "काय सांगितलंस गो बाय?"

"खरं तेच. म्हटलं, बाप अर्धवट आहे, पण पोर त्याच्यावर गेलेली नाही."

...पडला बाबा उजवा. माझ्या डोक्यात पडला, पण पडला.