चित्रातले तीन बोल्ट

कित्वेच्या खाण दवाखान्यातली रांग हलत नव्हती. नामुकोलो डोळे मिटून मनात प्रार्थना म्हणत होती. मागे चिलेशे आणि कापेम्ब्वा, वस्तीतलेच दोघे खाणकामगार, वर्तमानपत्रातली चित्रपट्टी वाचत होते. पट्टीखाली सही नसे. ती नामुकोलोचा नवरा काढतो, हे तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

“दादा, याला खाणीची लिफ्ट काढता येत नाही. दोराच्या पकडीला तीनच बोल्ट? चार असतात.”

“आणि मुकादम म्हणतोय, ‘कृपया आत या.’ आपला मुकादम जन्मात कधी कृपया म्हणालाय?”

“काढणारा शाळामास्तर असणार.”

“थांब, चिलेशे. घंटा बघ. माणसं उतरवायची म्हणून आधी तीन ठोके. अगदी बरोबर. ज्याला घंटा कळते त्याला बोल्ट मोजता येत नाहीत होय?”

“म्हणजे?”

“आपल्या दोन नंबरच्या लिफ्टला किती आहेत?”

“चार असायला हवेत.”

“आहेत किती, ते विचारतोय.”

“उतरताना वर कोण बघतं, दादा?”

“यानं बघितलंय. म्हणजे हा आपल्यातलाच.”

“साहेबाला कळलं तर घरी बसवतील त्याला.”

“साहेब कालपासून नाव विचारत फिरतोय. काय हो म्वापेच्या आई, तुमचे मालक दोन नंबरलाच ना? कोण काढतं हे, काही बोलले का?”

नामुकोलोनं डोळे उघडले. खोटं ती बोलत नसे.

“ते आत्ता खालीच आहेत, भाऊ. नाव मागाहून शोधा. आधी कुणीतरी जाऊन ती लिफ्ट थांबवा.”