वैजयंतीचा वादळी इशारा

नाही पण, इशारा ऐकून माणसानं दचकायला नको? तुम्हाला सांगते, आमच्या दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात वादळाचा इशारा ऐकून माणसं घोरायला लागली! हो, घोरायला! आणि खापर कुणावर, तर त्या बिचाऱ्या वैजयंतीवर... अहो, आवाजच तसा, ती तरी काय करणार?

झालं असं, की गेल्या वर्षी आंधीत, म्हणजे इकडच्या धुळीच्या वादळात, फांदी पडून एका स्कूटरचा चुराडा झाला. हवामान खात्याचा इशारा सगळ्यांच्या फोनवर सकाळीच आला होता बरं का! पण गुड मॉर्निंगच्या गुलाबांखालून तो उकरून वाचतो कोण? वैजयंतीच्या मनाला ते लागलं. वाचत नाहीत ना, मग बोलू या, म्हणून मराठी मंडळींच्या ग्रुपवर ती व्हॉइस मेसेज टाकायला लागली. खिडकीशी उभी राहायची, कूलरचा ओला वारा अंगावर, आणि मग... "नमस्कार... आज दुपारनंतर... ताशी सत्तर किलोमीटर वेगानं... वारे वाहतील..." ते 'वाहतील' असं वाहायचं म्हणता, की आपण पाण्यावर उताणे पडून कुठंतरी चाललोय असं वाटावं! "आभाळ बघा, कसं हळदीसारखं झालंय... पारवे केव्हाच वळचणीला गेलेत..." इशारा देता देता ती स्वतःच त्यात हरवून जायची.

खालच्या मजल्यावरची सुखदा, जन्म दिल्लीतला, तिनं लिहिलं, "काकू, यार, काय मस्त! छकुली दोन मिनिटांत झोपली. लोरीला मराठीत काय म्हणतात?" वैजयंतीनं कळवलं, "अंगाई. पण अगं, तो इशारा होता, वाळत घातलेले कपडे काढलेस का?" कसले कपडे! छकुलीबरोबर आईही झोपलेली! आणि सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले अण्णासाहेब, उभ्या जन्मात 'पाहिले' यापलीकडे ज्यांनी कुठल्या मेसेजवर अक्षर लिहिलं नाही, ते लिहितात, "निद्रानाशावर उत्तम. रोज पाठवावे." रोज? वादळ काय रोज मागवायचं?

दुखावली हो ती. आरशासमोर उभं राहून कडक बोलून पाहिलं, नवऱ्याला, विलासला, ऐकवलं. तो "अच्छा... बिल्कुल... पुढे?" म्हणत सोफ्यावर आडवा झाला तो झालाच! आवाजच तसा, ती तरी काय करणार?

आणि मग मे महिन्यातली ती संध्याकाळ. पाचला इशारा आला, तिनं मेसेज टाकला, "झाडाखाली... थांबू नका..." आणि सहज खाली पाहिलं, तर बागेत कडुनिंबाखालच्या बाकावर अण्णासाहेब! कानात इयरफोन, मान छातीवर, चेहऱ्यावर कसलं ते समाधान! म्हणजे आपलाच इशारा ऐकता ऐकता... आणि त्यांच्या मागं आभाळ तपकिरी भिंतीसारखं चालत येतंय!

धावली. पायात चप्पल नाही, मुठीत फोन. जिना उतरताना तिला वाटत होतं, हे स्वप्नच असणार, स्वप्नात नाही का तोंडातून आवाज फुटत नाही... आणि फुटला! काय फुटला! "अण्णासाहेऽऽब! उठाऽऽ! मरायचंय काऽऽ?"

अण्णासाहेब ताडकन उभे! "काय? कुठली फाइल?" तिनं दंड धरून ओढलं, गार्डच्या केबिनपर्यंत ओढतच नेलं, आणि मागं कडाड्... फांदी बाकावर! बाक दिसेनासा झाला. नंतर कितीतरी वेळ नुसती पिवळी धूळ सावकाश खाली येत होती, आणि ती दोघं एकमेकांचा हात धरून उभी.

पण गंमत पुढेच! मुठीतल्या फोनवर रेकॉर्डिंगचं बटण अंगठ्यानं दाबलं गेलं होतं, आणि ती किंकाळी गेली की ग्रुपवर! तिथून नोएडा, तिथून गाझियाबाद... आणि लोकांनी तिचं काय केलं असेल? अलार्म! आता रोज सकाळी सहाला, आभाळ अगदी निरभ्र, आणि खिडकीखिडकीतून वैजयंती ओरडतेय, "उठाऽऽ! मरायचंय काऽऽ?" विलासच्या उशाखालूनसुद्धा! आणि ती बिचारी आपल्याच आवाजानं दचकून उठते, चहाचं आधण ठेवते आणि म्हणते, "असू दे... निदान उठतात तरी!"