पुरावा क्रमांक एक

चौकशी समिती बसली की कारकुनाला बढती आणि खिडकीजवळचं नवं टेबल मिळणार होतं. टेबल तर आधीच आलं होतं. त्यामुळे समुद्रातल्या तेलगळतीवर स्वारी भलतीच खूश होती. तक्रारीच्या रांगेत माझ्यापुढचा म्हातारा मच्छीमार खांद्यावर काळंकुट्ट जाळं घेऊन उभा होता.

"काका, हे तेल समुद्रातलंच कशावरून?"

"नाही बाबा, मीच चोळलं. जाळ्याचे केस गळत होते."

"चेष्टा नको. जाळं जमा करा, पुरावा आहे."

"परत कधी मिळेल?"

"अहवाल आल्यावर."

"आणि अहवाल?"

"आधी अध्यक्ष तर मिळू देत!"

"तोवर मासे कशाने धरू, अर्जाने?"

"जाळं नाही तर तक्रार नाही. तक्रार नाही तर भरपाई नाही."

"बरं. तेलकंपनीची फुटकी नळी जमा केलीत?"

"ती कशी आणणार? समुद्राच्या तळाशी आहे."

"मग त्यांच्याकडून काय घेतलंत?"

"खेद व्यक्त केल्याचं पत्र."

"घ्या तर मग जाळं. जपा हो, एकच आहे."

"अहो, टेबलावर नको! खाली ठेवा."

रांग पुढे सरकली. तेलगळतीपायी कंपनीचा एक कागद गेला, सरकारचं एक टेबल गेलं, आणि म्हाताऱ्याचं जाळं गेलं.