कॅमेरा मुलाच्या उंचीवर

ताई : परत. दारातून आत ये, आणि ह्या वेळी रडू नकोस.

तो : रडलो नाही मी. डोळे ओले ठेवले. ते वेगळं असतं.

ताई : कुणी सांगितलं?

तो : तूच. तिसऱ्या लेक्चरला. "बाप रडत नाही, बापाचे डोळे भरतात आणि कॅमेरा खिडकीकडे वळतो." इथे कॅमेरा नाही, म्हणून मीच वळलो.

ताई : अरे, ते मी कॉलेजातल्या पोरांना सांगते. 'जागतिक सिनेमातलं बालपण', शंभर मार्कांचा पेपर. तू मागच्या बाकावर येऊन बसलास म्हणून ते बापांचं प्रशिक्षण होत नाही.

तो : एक लेक्चर बुडवलं नाही. सांगितलेले सगळे सिनेमे पाहिले. तुझी पोरं तेवढे पाहत नाहीत.

ताई : माझी पोरं शेवटची पाच मिनिटं बघतात आणि 'आशेचा किरण' लिहून येतात. चल, वेळ नाही. चारला ती येईल. मी बटण. तुझी मुलगी. वय वर्षं आठ. सोफ्यावर बसलेय. बोल.

तो : तुझ्या गुडघ्याला पट्टा आहे.

ताई : बटणच्या गुडघ्याला पट्टा आहे असं समज. बोल!

तो : कशी आहेस?

ताई : बरी.

तो : ...

ताई : अरे, पुढे?

तो : थांब. ह्याला लांबलेला क्षण म्हणतात.

ताई : लांबलेला क्षण एवढा लांबत नाही रे गाढवा.

तो : त्या बर्फातल्या सिनेमात चाळीस मिनिटं लांबला होता. बाप आणि मुलगा शेळीकडे बघत बसतात. तू म्हणालीस, ह्या शांततेत सगळं नातं आहे.

ताई : त्यांच्याकडे शेळी होती.

तो : माझ्याकडे कासव आहे.

ताई : काय आहे?

तो : कासव. खुर्चीखाली. शेजारच्यांकडून मागून आणलंय. प्राणी असला की मूल बोलतं, हे सगळ्या देशांत सारखं. पण शेवटी प्राणी मरतो, तेही सगळ्या देशांत सारखं. म्हणून कासव. तासाभरात काही ते मरत नाही.

ताई : देवा. आणखी काय काय केलंयस?

तो : प्रश्नांची तयारी केलीय. आभाळ कुणाचं असतं, मेल्यावर माणूस कुठे जातो आणि आजोबा बोलत का नाहीत. कुठल्याही देशातलं मूल घे, ह्यातलंच काहीतरी विचारतं. तिन्हींची उत्तरं पाठ आहेत.

ताई : आणि तिने वाय-फायचा पासवर्ड विचारला तर?

तो : कुठल्याच सिनेमात विचारत नाहीत.

ताई : बरं.

तो : आणि सकाळपासून गुडघ्यांवर चालतोय. "कॅमेरा मुलाच्या उंचीवर ठेवा." म्हटलं, तिला हे घर कसं दिसत असेल ते बघू.

ताई : कसं दिसतं?

तो : वाईट. टेबलाला खालून कुणीतरी च्युइंग गम चिकटवलंय. बेसिनची गळती दिसते. आणि माणसं फार मोठी दिसतात, ताई. मीटर बघायला एक जण आला, तर मी चक्क घाबरलो.

ताई : तोही घाबरला असेल.

तो : तो तर रीडिंग न घेताच गेला.

ताई : हे बघ, चेष्टा पुरे. ही तिसरी भेट आहे. कोर्टाने महिन्याला एक अशा तीनच दिल्यात. आज निघताना त्या समुपदेशक बाई तिला एकच विचारणार, पुन्हा यायचंय का? हो म्हणाली तर दर रविवारी भेट, नाही म्हणाली की संपलं. मग तू तिला बघशील ते रस्त्याच्या पलीकडून. तेही ती ओळखू आली तर.

तो : माहितेय ना. म्हणून तर अभ्यास केला. मी मासेमारी बोटीवर फ्रीज सांभाळायला गेलो तेव्हा साडेतीन वर्षांची होती. वर्षभर म्हणून गेलो आणि चार वर्षं लोकांचे मासे गार ठेवत बसलो. परत आलो तर तिच्या आईने घर वेगळं केलेलं, मुलगी लांबीला दुप्पट, आणि माझ्याकडे माहिती कुठली, तर साडेतीन वर्षांची. एखादा फ्रीज असता तर कंपनीने नवं माहितीपत्रक तरी पाठवलं असतं.

ताई : तिच्या आईला विचारायचंस.

तो : विचारलं. म्हणाली, तिलाच विचार. आणि ती तर बोलत नाही. दोन भेटी झाल्या, 'बरी' सोडून एक शब्द नाही. मग कुणाला विचारणार? तुझ्याकडे अख्ख्या जगातली मुलं होती.

ताई : पडद्यावरची.

तो : पण सगळीच पळतात गं. शेतातून, गल्लीतून, बर्फातून. का पळतात?

ताई : स्वातंत्र्याचं प्रतीक.

तो : आमची पळाली तर बाई लिहितील, बापापासून पळाली.

ताई : तसं काही होणार नाही.

तो : एक सांग. एवढ्या सिनेमांत एखादा तरी बाप आहे का, जो परत येतो आणि मुलगी त्याला जवळ करते?

ताई : आहे ना. त्या बेटावरच्या सिनेमात करते. अगदी शेवटच्या मिनिटाला.

तो : मग?

ताई : मग नावं येतात.

तो : नाही, पण नंतर दोघं काय करतात? घरी जाऊन? कोण कुठे झोपतं? सकाळी तिची वेणी कोण घालतं?

ताई : नंतर दिवे लागतात आणि माणसं घरी जातात.

तो : म्हणजे कामाचा भाग कुणी काढलेलाच नाही.

ताई : नाही. आणि खरं सांगू का, ती मुलं मुलं नसतातच. मोठ्यांना स्वतःसाठी रडायचं असतं, म्हणून एक मूल उभं करतात केस विस्कटून. पंधरा वर्षं मी हे शिकवतेय. सख्खी आत्या आहे तिची, पण तिला काय आवडतं असं विचारलंस तर मी तुला संदर्भग्रंथ सांगीन.

तो : हे तू मला आत्ता सांगतेस? दहा मिनिटं राहिली असताना?

ताई : तू मला कासव आत्ता सांगितलंस.

(दाराची बेल वाजते.)

तो : आली. ताई, लवकर आली. माझ्या काही लक्षात नाही. सगळं गेलं. पहिलं वाक्य काय होतं?

ताई : दार उघड.

तो : असं नव्हतं.

ताई : वाक्य नाही रे! दार उघड!

तो : या बाई, या. ये बटण. चप्पल राहू दे पायात... नको, काढ. नाही, तुला हवं ते कर. बाई, तुम्ही बसा ना. त्या खुर्चीवर नको, त्या खुर्चीखाली कुणीतरी आहे.

बटण : कोण आहे?

तो : कासव.

बटण : मेलंय?

तो : नाही! बाई, नाही मेलेलं. झोपलंय.

बटण : हलत नाहीये.

ताई : कासवं अशीच असतात गं बाळा. मी तुझी आत्या.

बटण : माहितेय. फोटोत तुम्ही बारीक आहात.

ताई : फोटो जुना आहे.

बटण : हो, ते कळतंय.

तो : बस ना. सोफ्यावर बस. कशी आहेस?

बटण : बरी.

तो : ...

बटण : सुरू झालं.

तो : काय?

बटण : तुम्ही गेल्या वेळी पण असंच केलंत. त्याच्या आधी पण. कशी आहेस विचारता, मग गप्प बसता, मग खिडकीकडे बघता. मी पण बघितलं. बाहेर काहीच नाहीये, नुसती पाण्याची टाकी आहे.

ताई : म्हणजे गप्प तू होतास?

तो : मी तिला जागा देत होतो. पाचव्या लेक्चरला तूच म्हणालीस की...

ताई : माझं नाव काढू नकोस.

बटण : मला वाटलं, तुम्हाला आवडलं नाही.

तो : काय आवडलं नाही?

बटण : मी. आई सांगते ना, बाबाला तू लहानपणी फार आवडायचीस. मग मला वाटलं, आता मोठी झाले म्हणून नाही.

तो : नाही गं. नाही, नाही. तसं नाही. मला काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. घाबरलो होतो मी.

बटण : कुणाला?

तो : तुला.

बटण : मी आठ वर्षांची आहे.

तो : तेच तर.

बटण : मी नाही म्हटलं तर तुम्हाला शिक्षा होते का?

तो : कशाला नाही?

बटण : जाताना ह्या विचारणारेत ना. आई म्हणाली, तुला हवं ते सांग, मी रागावणार नाही. बाई पण म्हणाल्या, तुला हवं ते सांग. मग मला काय हवंय ते मलाच शोधायला लागतं. काल तेच करत होते. झोपच नाही आली.

तो : शिक्षा नाही होत.

बटण : मग काय होतं?

तो : काही नाही. कासव परत नेऊन द्यायचं.

बटण : ते हो म्हटलं तरी द्यावं लागेल. तुमचं नाहीये ते. पाठीवर खडूने दुसऱ्यांचं आडनाव लिहिलंय.

तो : हो. ते आहे.

बटण : आणि हो म्हटलं तर?

तो : तर पुन्हा यायचं. दर रविवारी.

बटण : येऊन काय करायचं?

तो : ताई?

ताई : माझ्याकडे बघू नकोस. मला नाही माहीत.

तो : मलाही नाही माहीत, बटण. इथे नदी नाही, शेत नाही, मागे डोंगर नाही. पत्ते आहेत, त्यातले दोन राजे हरवलेत. मला एक फ्रीज खोलून दाखवता येईल. तो एकदाच बघण्यासारखा असतो. नंतर तुला कंटाळाच येईल. आपलं आधीच सांगतो.

बटण : कंटाळा घरी पण येतो.

तो : येतो ना?

बटण : खूप. मला झोप येतेय.

तो : आत्ता?

बटण : काल नाही झाली ना. इथे झोपू का?

ताई : अगं, पण तासाभराचीच भेट, त्यात...

तो : झोप. झोप तू. ही घे उशी.

बटण : चपटी आहे.

तो : एवढी एकच आहे.

बटण : पुढच्या वेळी जाड आणून ठेवा.

तो : काय म्हणालीस?

बटण : जाड. आणि जरा सरका ना. पाय.

तो : बटण? बटण... ताई, झोपली.

ताई : पुढच्या वेळी म्हणाली! बाई, ऐकलंत ना? पुढच्या वेळी म्हणाली ती, स्वच्छ... काय? नाही ऐकलं?

तो : नाही ऐकलं?

ताई : कासव त्यांच्या पायावर चढत होतं. त्या खाली बघत होत्या.

तो : अहो बाई, म्हणाली ती. जाड उशी म्हणाली. पुन्हा यायचं नसेल तर कुणी जाड उशी कशाला मागेल?

ताई : त्या म्हणतायत, त्यांनी विचारायला हवं आणि मुलीने स्वतः उत्तर द्यायला हवं. तसंच लिहावं लागतं. उशी चालत नाही.

तो : म्हणजे निघताना विचारणार.

ताई : निघताना. उठवून.

तो : आणि झोपेतून उठवलेलं मूल...

ताई : नाहीच म्हणतं. पाणी हवंय का विचारलं तरी नाही म्हणतं. एवढं मलाही कळतं, आणि हे मी कुठल्या सिनेमात बघितलेलं नाही. उठव तिला. आत्ताच उठव. अजून पाऊण तास आहे. नीट जागी होईल, तोंड धुवेल, मग हसव तिला. गुडघ्यांवर चाल. फ्रीज खोल. काहीही कर.

तो : काल झोपली नाहीये ती.

ताई : अरे, मी काय सांगतेय? आज ती नाही म्हणाली तर पुढची वेळच नाही. उशी नाही, काही नाही. कळतंय का तुला?

तो : कळतंय. हळू बोल.

ताई : मग हात मागे का घेतलास? हलव तिला.

तो : पाय पोटाशी घेतलेत तिने. तो पंखा एकवर कर.