साडेतीनचा भोंगा

आता तुम्ही लिहून घ्यालेच बसले तर पहिले हे लिहा का मी कामठीची आहे. आमच्या बापाचे घरातच दोन माग होते, सकाळपासून खटाक खटाक, अन् त्या आवाजात आम्ही पाच भावंडं एकमेकायशी ओरडूनच बोलत वाढलो, म्हणून काय सांगू तुम्हाले, मले हळू बोलणं कधी आलंच नाही, अन् नोकरी भेटली ती अशी का जिथं हळूच बोला लागे. कोराडीच्या वीजघरात टेलिफोन ऑपरेटर. मॅट्रिक पास होती, हिंदी चांगली होती, छावणीमुळं कामठीत सारेच हिंदी बोलत. इंटरव्ह्यूत साहेब म्हणे, नंबर प्लीज म्हणून दाखवा. मी म्हणून दाखवलं, तर साहेबानं कानावर हातच ठेवला, म्हणे बाई, तुमचं तर टेलिफोनशिवायच नागपूरले ऐकू जाईन. पण घेतलं मले.

आमचे हे तिथंच कोळसा यार्डात होते. आमच्या यायचे वडील नागपूरच्या गिरणीत, अन् गिरणीच्या मागंच खोली, त्याच्यानं यायचं सारं लहानपण भोंग्यावर गेलं. सातचा वाजला का आंघोळ, दुपारी साडेतीनचा वाजला, पाळी सुटली, का यायची माय चुलीवर चहाचं आधण ठेवे. अन् तो भोंगा साधा नव्हता म्हणत, वर चढते, मंग मधीच त्याचा दम तुटते, अन् मंग एक लहानसा हुंदका देते. जेवता जेवता तोंडानं करून दाखवत, आमची पोरगी हसून हसून लोळे. शंभर भोंगे वाजवा म्हणत, मी आपला ओळखीन. शाळा मात्र सातवीतच सुटली यायची, दोनदा नापास झाले, मंग बाप म्हणे चाल कामाले. मी मॅट्रिक, हे सातवी नापास, मी कधी बोलून नाही दाखवलं, पण यायच्या मनात ते होतंच, बारीक काट्यावाणी.

मी टेलिफोनच्या बोर्डावर बसाले लागली तवा कॉलनीत बोलणं सुरू झालं का ऑपरेटर बाई सर्वायचं ऐकते, कोणाच्या घरी काय चाललं ते तिले माहीत. नळावर एकानं यायच्या तोंडावरच म्हटलं, तर यायनं त्याची कॉलरच धरली. माही बायको कोणाचं ऐकत नाही म्हणे. अन् घरी येऊन मले विचारलं, खरं सांग वं, ऐकतं काय तू? मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला अन् शपथ घेतली का नाही ऐकत, कधी ऐकणारही नाही. अन् खरंच ऐकत नव्हती. एका लाइनीचा दोर दुसरीच्या भोकात लावायची, लाइन लागली का नाही हे पाहाले एक सेकंद बटन दाबायची, दोघायचा आवाज आला का सोडायची. तसं आमच्याकडून लिहूनही घेतलं होतं, ऐकलं तर नोकरी जाईन.

मंग टीव्ही आला. नागपुरात टॉवर लागला अन् कॉलनीले येडच लागलं समजा, ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी मयतीवाणी गर्दी. त्याच टायमाले पेपरात एक जाहिरात आली, नऊ घरं काढलेले, त्यात एक ते नऊ आकडे एकेकदाच भरा, आडवी उभी तिरपी कुठूनही बेरीज पंधरा आली पाहिजे, जमलं तर रंगीत टीव्ही अर्ध्या किमतीत. आमचे हे अख्खा रविवार घेऊन बसले. पेन्सिल थुंकीनं ओली करा, खोडा, परत लिहा. मले ते शाळेपासून येत होतं, पण मी तोंड शिवून भाकरी करत बसली. संध्याकाळी ओरडले, जमलं वं जमलं! असा चेहरा मी यायचा लग्नातही नव्हता पाह्यला. कूपनवर टेलिफोन नंबर मागतला होता, यायनं वीजघराचा लिहिला, कोळसा यार्ड लिहिलं, अन् टाकलं पोस्टात.

दोनेक हप्त्यानं, दुपारी तीनच्या सुमाराले, माह्या बोर्डावर नागपूरच्या लाइनचा दिवा लागला. माणूस म्हणते, मैं दिल्ली से बोल रहा हूँ, ट्रंक कॉल है, कोल यार्ड में वामनराव जी को बुलाइए, जल्दी, बिल चढ रहा है. आता पाहा, मी तवा सात वर्षं बोर्डावर होती. ट्रंक कॉल असा येत नाही. पहिले नागपूरची ट्रंकवाली बाई बोलते, दिल्ली आहे, माणूस बोलावून ठेवा, मंग ती दिल्ली जोडते, अन् आवाज असा विहिरीतून आल्यावाणी येते. इथं बाईच नाही, अन् आवाज बाजूच्या खोलीतून आल्यावाणी साफ. मनात आलं माह्या. पण आपल्याले काय, आपलं काम दोर लावायचं. लावला. एक सेकंद बटन दाबलं, तर कानात आलं, जी साहेब. आमचे हे! जे फोरमनलेही कधी साहेब म्हणत नव्हते. तिथंच माहं बोट अडकलं, बटन सुटलंच नाही.

तो म्हणते, बधाई हो, पूरे विदर्भ में ग्यारह लोगों का जवाब सही निकला, आप बहुत बुद्धिमान आदमी हैं. हे म्हणतात, जी साहेब. दोन टीव्ही उरले म्हणे, आगाऊ पैसे जो पहिले पाठवीन त्याचा टीव्ही, तीन मिनिटात हो नाही सांगा, ट्रंक कटून जाईन. अन् मागून एक बाई बोल्ली, तीन मिनट हो गए. अहो, आमच्यातली बाई असं बोलत नाही! ती विचारते, वाढवू काय म्हणून. ही नुसती बोल्ली, नाटकात पडद्यामागून बोलतात तशी. अन् आमचे हे घाईघाईनं म्हणाले, घेतो साहेब, घेतो.

घरी आले तर छाती फुगलेली. ऐक वं मॅट्रिकवाले, म्हणे, अख्ख्या विदर्भात अकरा जण, त्यात तुहा नवरा. सांगा, मी काय बोलू? खरं सांगितलं तर शपथ मोडली, अन् ज्या नवऱ्यानं माह्यासाठी नळावर कॉलर धरली तो खोटा पडला. नाही सांगितलं तर पैसे गेले. अन् पैसे कोणते, तर पोरीले नर्सिंगच्या ट्रेनिंगले पाठवायचे होते ते. तेवढेच होते. मी एवढंच म्हटलं, अहो, या जाहिरातवाल्यायचा भरवसा नसते, दुकानात जाऊन घेऊ. यायनं ताट सरकवलं. मी सातवी नापास म्हणून मले बेरीजही येत नाही काय? अन् पोरगी, तिनं बापाचं तोंड पाह्यलं अन् म्हणे, येऊ द्या बाबा टीव्ही, ट्रेनिंगचं पुढच्या वर्षी पाहू. मले असं वाटलं का हा फोनवाला समोर आला तर त्याचे दात पाडीन.

दुसऱ्या दिवशी परत तीन वाजून गेल्यावर त्याचा फोन. आता मी ऐकलं, मुद्दाम ऐकलं, पाप म्हणा का काही म्हणा. त्यानं परत तीच बुद्धिमान बुद्धिमानची आरती केली, अन् मंग म्हणे पत्ता लिहून घ्या, या नावानं मनीऑर्डर करा. अन् तेवढ्यात, त्याच्या बोलण्याच्या मागून, दूर, भोंगा वाजला. चढला, तुटला, अन् बारीक हुंदका दिला. मी वर पाह्यलं. बोर्डावरच्या घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. मेल्या, दिल्लीत आहे तू? तू तर माह्या सासऱ्याच्या गिरणीच्या बाजूले बसून राहिला! यायच्या ध्यानात नाही आलं, मागून यार्डात कोळशाची वॅगन उलटी करून रिकामी करत होते, तिचा दणका. तो म्हणते, लिखिए. मी दोर उपसला. त्यानं परत फोन लावला. लिखिए म्हणाला का मी परत उपसला. तिसऱ्यांदाही.

त्या दिवशी घरी यायनं मले भिंतीशी उभं केलं समजा. हात नाही लावला, कधीच नाही लावला, पण बोलणं! काहून वं, तुह्याच बोर्डावर माहाच फोन काहून कटते? मी म्हटलं, लाइन खराब आहे. म्हणे, सर्वायच्या लाइनी बऱ्या अन् माहीच खराब? तुले पाहावत नाही, नवऱ्याले अक्कल आहे हे तुले पाहावत नाही. अन् सकाळी जाऊन तक्रारीच्या वहीत लिहून आले, तीन वेळा ट्रंक कॉल कापला, ऑपरेटरवर कारवाई व्हावी. खाली सही. साहेबानं मले बोलावलं, म्हणे कमलबाई, तुमच्याच घरची तक्रार, उद्यापर्यंत लेखी उत्तर द्या, टेलिफोनवाल्यायकडून लाइन तपासून घेतो. लाइन तर चांगली होती. मंग मी काय लिहू, चोर होता म्हणून कापला? तुले कसं कळलं चोर होता? म्हणजे ऐकलं. म्हणजे घरी जा.

बोर्डावर येऊन बसली. अन् तिथंच डोक्यात आलं का मी सांगितलं तर बायकोनं सांगितलं होईन. यायनं स्वतःच ऐकलं पाहिजे.

तीन वाजून अठरा मिनिटाले दिवा लागला. तोच. ट्रंक है, वामनराव जी को दीजिए. मी गोड आवाजात म्हटलं, होल्ड कीजिए साहब, आदमी भेजा है, यार्ड बहुत दूर है. अन् यार्डात फोन करून म्हटलं, वामनराव को बुलाइए. काय सांगू, लग्नानंतर पहिल्यांदा उखाण्याशिवाय नाव घेतलं यायचं. तीन मिनिटाची घाई असणारा तो माणूस, पाच मिनिटं थांबला, सात मिनिटं थांबला, बिल चढत होतं तरी चुपचाप. तिकडून कंट्रोल रूमचा दिवा, बाई नागपूरची लाइन द्या, अर्जंट आहे. चारच लाइनी, तीन बोलण्यात, एक या चोट्ट्यानं अडवलेली. मी म्हटलं साहेब, एक मिनिट. तो ओरडला. जीव असा वरखाली, का वीजघरात काही बिघडलं असलं तर मी कुठं तोंड दाखवू, अन् हे मी घरचं रडगाणं घेऊन बसली. देवाची दया, तेवढ्यात एक लाइन सुटली, दिली त्याले. मंग यार्डातून यायचा आवाज, धापा टाकत, ऑपरेटर, दिल्ली द्या. कमल नाही, ऑपरेटर. मी म्हटलं, थांबा, लागून राहिली.

तीन एकोणतीसले दोर लावला. पण बोर्डावरचं घड्याळ अन् गिरणीचं घड्याळ काही भाऊ भाऊ नव्हते. तो सुरूच झाला, बहुत मुश्किल से आपके लिए एक टीवी रोका है, पता लिखिए. हे म्हणाले, सांगा साहेब, कागद आहे. साडेतीन झाले, भोंगा नाही. त्यानं नाव सांगितलं. यायनं ते मोठ्यानं म्हणत लिहून घेतलं. एकतीस झाले. माहा हात दोराले, उपसू का नको, उपसू का नको. तो पोस्टाचं नाव सांगाले लागला.

अन् वाजला. चढला, दम तुटला, हुंदका दिला.

यायचं लिहिणं थांबलं. लाइनवर नुसता श्वास. तो म्हणते, हॅलो, लिख रहे हैं ना? मंग आमचे हे एकदम हळू, मराठीत, साध्या आवाजात म्हणाले, साहेब, दिल्लीत पाळी सुटली काय? अन् फोन ठेवून दिला.

तो हॅलो हॅलो करत राह्यला. मी म्हटलं, तीन मिनट हो गए. अन् दोर ओढला. नोकरीत तेवढंच एक वाक्य मी मनापासून बोल्ली.

घरी आले, जेवले, मान खाली. टीव्हीचं नाव नाही. मले वाईट वाटलं बरं का, फार वाईट वाटलं, कारण तो अख्खा रविवार अन् ती ओली पेन्सिल माह्या डोळ्यासमोरून जात नव्हती. माणसानं जन्मात एक परीक्षा पास केली अन् तीही चोरानं घेतलेली. दुसऱ्या दिवशी मी उत्तर लिहाले गेली तर साहेबानं वही पुढं केली. यायच्या तक्रारीखाली यायच्याच वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, लाइन खराब होती, ऑपरेटरचा दोष नाही. साहेब हसला, म्हणे घरी समझोता झाला वाटते. आता ते नवरा म्हणून लिहिलं, का कळलं म्हणून लिहिलं, मले कधी कळलं नाही, अन् विचारू कशी? विचारलं तर ऐकलं हे कबूल करावं लागते. मी नाही विचारलं, यायनं नाही सांगितलं. पोरगी त्याच वर्षी ट्रेनिंगले गेली.

किती वर्षं झाले आता त्याले. बोर्ड गेला, गिरणी बंद पडली, भोंगाही गेला. आम्ही दोघं रिटायर, यायले ऐकू कमी येते. मोबाइल यायच्याच खिशात असते. मांगच्या महिन्यात वाजला, यायनं कानाले लावला, मी अंगणात तूर निवडून राहिली होती. कोणी तरी मोठमोठ्यानं सांगत होतं, बधाई हो, आपका नंबर लगा है. यायनं ऐकलं, ऐकलं, मंग माह्यापुढं फोन धरला. म्हणे, घे वं ऑपरेटर, तुह्या कानानं ऐक जरा, मागून भोंगा वाजते काय.

मी यायच्या तोंडाकडं पाह्यलं. हसून राहिले होते. म्हणजे इतके वर्षं माहीत होतं यायले, सारं माहीत होतं, अन् मनात ठेवलं. माही तूर सांडली सुपातून. पोरगी आमची आता हॉस्पिटलात मोठी सिस्टर आहे, तिच्या हाताखाली वीस पोरी आहेत, देव तिले सुखात ठेवो. त्या शपथेसाठी तिच्या डोक्यावर ठेवलेला माहा हात, तो त्या दिवशी कुठं उचलला गेला.