सोंगाड्याची मान

मंडळी, नामात रंगलात, आता एका प्रश्नाचं उत्तर द्या! समोरचा माणूस खरंच हाक मारतोय का सोंग करतोय, हे ओळखायचं कशावरून? — बोला की! काकू, तुम्ही सांगा. — डोळ्यांतल्या पाण्यावरून? बरं! मग ऐका!

माळेवाडीत बाळकू नावाचा सोंगाड्या होता. रात्री तमाशाच्या वगात प्रधान व्हायचा, असा धपकन पडायचा की बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या. आणि दिवसा? दिवसा पैलवान! जत्रेजत्रेतून कुस्त्या धरायचा. एक पोट, त्याला दोन धंदे! कानामागची माती निघायच्या आत गालाला रंग!

पण खंत एकच. मैदानात दंड थोपटले — हशा! माती कपाळाला लावली — हशा! जिंकला तरी लोक म्हणायचे, "लेकानं पैलवानाची नक्कल काय केली!"

तर जत्रेचा दिवस. जोड लागली सयाजी पैलवानाशी. मान म्हणजे देवळाचा खांब! बाळकू आपल्या जोडीदाराला, केरबाला म्हणाला — केरबा म्हणजे फडातली मावशी बरं का! लुगडं नेसणारा बाप्या! — म्हणाला, "केरबा, आज हसवायचं न्हाई. एकदा तरी लोकांनी गप बसून माझी कुस्ती बघावी."

"आरं, त्यो रेडा हाय. मरशील!"

"रोज वगात मरतोच की! आन् तू रोज रडतूसच की!"

गेला हो मैदानात! हलगी कडाडली. पहिली पकड खरी पैलवानाची, सयाजी मागं सरकला! पण तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं — "बाळकू, घसर की एकदा!" हशा पिकला. आणि मंडळी, सवय वाईट! मन म्हणालं नको — पण हशा ऐकला आणि कंबर आपोआप हलली! क्षणभर! तेवढ्यात सयाजीनं मान काखेत धरली.

आता बघा! बाळकू पाय झाडतोय — लोक हसतायत. मातीवर हात आपटतोय — "टाळी मागतोय रं!" पंच उपरण्यानं डोळे पुसतोय, हसून हसून! आणि सयाजी? त्याला मागच्या जत्रेत बाळकूनं असंच मेल्याचं सोंग करून फसवलं होतं. यानं पकड ढिली केली आणि सयाजीच चीत! आज तो म्हणतोय, "आता न्हाई फसत, सोंगाड्या!" — आणि आवळतोय! अजून आवळतोय!

केरबा शेजारच्या कनातीत तोंडाला रंग लावत होता. फटीतून बघितलं. बाळकूचे पाय थांबले होते. फडात बाळकू किती वेळा मेला, पण पाय कधी थांबले नव्हते हो! शेवटी एक लाथ प्रधान राजाला मारायचाच!

धावला केरबा! एक गाल पांढरा, एक काळा, लुगडं अर्धं नेसलेलं, पायात काही नाही! हत्तीचा पाय मगरीनं धरला तेव्हा देव असाच धावला असेल — वाहन सोडून, अनवाणी!

आणि लोक? "मावशी आली! मावशी आली!" शिट्ट्या! "सोडा रं, त्यो खरंच मरतोय!" — टाळ्या! केरबा रडायला लागला. काकू, डोळ्यांत पाणी म्हणालात ना? धो धो पाणी! लोक म्हणाले, "वा रं मावशी, काय रडती!"

आता काय करावं त्यानं? सांगा! ओरडला, हसले. रडला, हसले. सगळी खरी हत्यारं त्या दोघांनी सोंगातच वापरून बोथट केलेली!

केरबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हलगी! त्यांच्याच फडातला भिवा वाजवत होता. तीच हलगी, जिला कुंकू लावल्याशिवाय, जिच्या पाया पडल्याशिवाय केरबा कधी उभा राहिला नाही. ती त्यानं हिसकावली, जमिनीवर ठेवली — आणि टाच घातली! फाड्!

चिडीचूप. कलावंत पडेल, रडेल, मरेलसुद्धा — पण हलगीवर पाय? हे सोंग नाही, हे पोराटोरांनाही कळलं. त्या शांततेत सयाजीला काखेतली घरघर ऐकू आली. हात सुटले. "आरं देवा," म्हणाला आणि मटकन बसला.

बाळकूचे ओठ निळे. केरबानं डोकं मांडीवर घेतलं. "बाळ्या, दम घे रं! घे की!" नाही. छाती हलत नाही. "घे की रं, सोन्या!" नाही... आणि खोकला! आला, दम आला!

इथं संपवलं असतं, मंडळी. पण मागून कुणीतरी त्या खोकल्यालाही फिस्सकन हसलं. बाळकूनं डोळे उघडले. जिकडून हसू आलं तिकडं मान वळवायला गेला — वळेना — तरी ओठ वाकडे करून, भुवई उडवून, त्या हसणाऱ्याला वेडावून दाखवायला लागला! केरबानं पटकन त्याच्या तोंडावर पदर टाकला. "नगं रं," म्हणाला. "आता नगं."

मंडळी, तुमच्या घरात आहे ना असा एक? लग्नकार्यात सगळ्यांना हसवणारा? आज घरी गेल्यावर त्याच्याजवळ बसा. विचारा, "बाबा, तुला कुठं दुखतंय का?" तो चेष्टा करेल. करणारच! तुम्ही हसू नका. उठूही नका. पुन्हा विचारा. — बोला, विठ्ठल विठ्ठल!