रेडिओतल्या बाईचा बसलेला घसा

माझं म्हणणं घरात एकानंही खरं मानलं न्हाई, बायांनो. शिरगावात आमच्याकडं नवा रेडिओ आला तेव्हाची गोष्ट. दुपारची जुनी गाणी हाच माझा विसावा. पण आठवडाभर गाणी सांगणारी बाई रेड्यासारखी घोगरी बोलत होती, मागनं भजी तळल्यासारखा आवाज.

सासरे म्हणाले, "वल्या फडक्यानं पुसून तूच बिघडवलास. उद्यापासनं रेडिओला हात लावायचा न्हाई."

"मामंजी, रेडिओ चांगलाय. पत्र्यावर बांधलेल्या एरियलच्या तारेतच कायतरी हाय."

"आगं, त्या बाईचाच घसा बसला आसंल," सासूबाई म्हणाल्या. "काढा द्या म्हनावं तिला कुनीतरी."

माझं डोकंच फिरलं. पदर खोचला, शिडी लावली आन् पत्र्यावर चढले. खाली अर्धी आळी जमली. बघते तर रेडिओच्या तारेवर वला लंगोट वाळत घातलेला! वजनानं तार पत्र्याला टेकली होती. लंगोट उचलला, तशी खाली बाई लख्ख बोलायला लागली.

मी तो वरूनच फडकावला. शेजारची मावशी ओरडली, "आगं, पन कुनाचा गं?"

घरात लंगोट लावणारा गडी एकच. सासरे खाली मान घालून चपला शोधायला लागले. आता सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई, ही आमच्यातली रीत. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मी एकदाही घेतलं नव्हतं. त्या दिवशी मात्र रेडिओतल्या बाईला लाजवील अशा खणखणीत आवाजात सगळ्या आळीला सांगितलं, "ज्ञानोबाचा!"